सोसायटीच्या टाकीत टीसीएल किती टाकायचं? (वास येतोय, तक्रारीही येतायत)

सचिवबुवा (धागाकर्ता), सोमवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. हा विभाग बरोबर आहे की नाही माहीत नाही, चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

आमची सोसायटी पुण्याच्या कडेला, ४८ फ्लॅट. नळाचं पाणी दिवसाआड, तेही तासभर. बाकी भिस्त आवारातल्या जुन्या विहिरीवर आणि टँकरवर. तिन्ही पाणी एकाच सम्पमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) पडतं, सम्प ५०,००० लिटरचा. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसचे (गिलेन-बारे, नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा आमच्याकडे तातडीची सभा झाली आणि ठराव पास झाला की सेक्रेटरीने पाण्यात रोज क्लोरीन टाकावं. सेक्रेटरी म्हणजे मी. शिक्षण बी.कॉम.

इतके दिवस ते काम टँकरवाल्याच्या भरवशावर ढकललं होतं, या महिन्यापासून स्वतः लक्ष घातलं. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं २५ किलोचं पोतं आणलं. कुठेतरी वाचलं होतं की लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं आणि पावडरमध्ये ते साधारण ३३ टक्के असतं. म्हणजे ५०,००० लिटरला १०० ग्रॅम क्लोरीन, अर्थात ३०० ग्रॅम पावडर. घरातला पिठाचा काटा वापरला (त्यावरून झालेला संवाद इथे लिहीत नाही). वॉचमनने पावडर थेट सम्पमध्ये टाकली. ओटीची (ऑर्थोटोलिडीन, पाण्यात क्लोरीन असेल तर पिवळा रंग देतं) बाटली आणली होती, टेस्ट केली, पिवळं आलं. मी खूश.

पण रंग फिका वाटला म्हणून चार दिवसांनी डोस दुप्पट केला, ६०० ग्रॅम. तिथून गोंधळ सुरू झाला. सी विंगमधून तक्रार, स्विमिंग पूलचा वास येतो. एका काकूंनी भाताचं पातेलंच खाली आणून माझ्या नाकाला लावलं. भाताला खरंच दवाखान्याचा वास होता.

आता डोस कमी करू, बंद करू, की काकूंना टाळत राहू?

गप्पिष्ट, सोमवार, रात्री १०:०५

तिसरा पर्याय सर्वात सोपा. वाचतोय.

निवृत्त_टनर, सोमवार, रात्री ११:२०

सचिवबुवा, एका नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रावर सव्वीस वर्षं क्लोरीन रूम सांभाळली आहे, म्हणून बोलतो. घाईने काही बदलू नका. आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या.

एक, ओटीचे थेंब टाकल्यावर पिवळं लगेच आलं की थोडं थांबल्यावर? दोन, नमुना सम्पमधला होता की शेवटच्या विंगच्या वरच्या मजल्यावरच्या नळाचा? तीन, पोतं कधी भरलेलं आहे आणि ते ठेवलंय कुठे?

पहिला प्रश्न सर्वात महत्त्वाचा. ट्यूब हातात धरा आणि मनात दहा आकडे मोजा.

रसायनमास्तर, मंगळवार, सकाळी ७:१५

काका खुलासा करतीलच, तोवर फळा मी घेतो.

क्लोरीन पाण्यात गेला की तो क्लोरीन राहत नाही. वायू असो नाहीतर टीसीएल, पाण्यात शेवटी हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. जंतू मारतं ते हे आम्ल. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसतो, म्हणून जंतूच्या आवरणातून ते आत घुसतं. पण पाण्याचा पीएच चढला की या आम्लातला हायड्रोजन सुटतो आणि हायपोक्लोराइट आयन उरतो. त्यावर ऋणभार, जंतूच्या पृष्ठभागावरही ऋणभार, त्यामुळे दारातच अडतो. मारण्याच्या ताकदीत दोघांत ऐंशी ते शंभर पटींचा फरक धरतात.

पीएच ७.५ला दोन्ही निम्मे निम्मे. ६.५ला नव्वद टक्क्यांहून जास्त आम्ल. ८.२ला आम्ल जेमतेम सहावा हिस्सा. आपल्याकडच्या खडकातल्या विहिरींचं पाणी बरेचदा आठच्या आसपास असतं. डोस तोच, मोजणीत आकडाही तोच, पण काम हळू. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ०.५ मिलिग्रॅम म्हणते तेव्हा सोबत दोन अटी घालते: पीएच ८च्या खाली आणि अर्धा तास संपर्क. लोक आकडा पाठ करतात आणि अटी विसरतात. दहावीच्या पेपरातही हेच.

आरओ_जिंदाबाद, मंगळवार, सकाळी ९:४०

पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरलेला वायू आपण पाण्यात घालून पितो आणि वर त्याचे आभार मानतो! क्लोरीनने कॅन्सर होतो हे आता सिद्ध झालंय. आमच्याकडे आरओ आहे, विषय संपला.

निवृत्त_टनर, मंगळवार, सकाळी १०:३०

वायू विषारी आहे, यात वाद नाही. २२ एप्रिल १९१५ला बेल्जियममध्ये यीप्रजवळ सोडला तेव्हा तो जमिनीलगत सरपटत खंदकात उतरला, कारण हवेपेक्षा अडीच पट जड. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट तीच: गळती झाली तर वाऱ्याच्या उलट बाजूला आणि उंचावर पळा. टनर म्हणजे ९०० किलोचं आडवं नळकांडं, त्याला दोन व्हॉल्व्ह. ते उभ्या रेषेत येतील असं फिरवून ठेवायचं. वरच्यातून वायू येतो, खालच्यातून द्रव. नवीन पोरगा चुकून खालचा उघडायचा आणि पाइपवर बर्फ धरायचा. गळती शोधायला अमोनियात बुडवलेला कापसाचा बोळा काठीला बांधून फिरवायचो, जिथे पांढरा धूर दिसेल तिथे गळती. आणि गळतीवर पाणी कधीही मारायचं नाही. ओला क्लोरीन लोखंड खातो, भोक मोठं होतं.

पण नळातल्या अर्ध्या मिलिग्रॅमला त्या खंदकाच्या पंगतीला बसवू नका. मीठही किलोभर खाल्लं तर माणूस मरतो.

आरओबद्दल इतकंच. त्यातला कार्बन फिल्टर क्लोरीन आधीच काढून टाकतो, कारण क्लोरीनने मेम्ब्रेन खराब होतं. म्हणजे तुमच्या टाकीत साठलेल्या पाण्याला राखणदार उरत नाही. टाकी शेवटची कधी धुतली होती?

आरओ_जिंदाबाद, मंगळवार, सकाळी १०:५५

सर्व्हिसवाला येतो दर वर्षी.

गप्पिष्ट, मंगळवार, सकाळी ११:००

मीठ किलोभर 😀

डच_पोळी, मंगळवार, दुपारी २:१०

कॅन्सरच्या मुद्द्यात काहीच तथ्य नाही असंही नका म्हणू. मी रॉटरडॅमला राहते, आणि ती गोष्ट इथलीच आहे. १९७४मध्ये इथल्या जलविभागातल्या योहानेस रूक यांनी दाखवलं की नदीच्या पाण्यातला पालापाचोळा कुजून जी सेंद्रिय द्रव्यं उतरतात, त्यांच्याशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफॉर्म आणि त्याची भावंडं तयार होतात. ट्रायहॅलोमिथेन म्हणतात त्यांना. त्यानंतर डच लोकांनी क्लोरीन हळूहळू सोडलाच. ॲम्स्टरडॅमने १९८३मध्ये बंद केला, आणि आता इथल्या नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक ठेवतच नाहीत. मी थेट नळाचं पिते, वास अजिबात नाही.

निवृत्त_टनर, मंगळवार, दुपारी ३:४५

डच_पोळी ताई, माहिती एकदम बरोबर. पण तिथे पाइपात चोवीस तास दाब असतो, गळती नगण्य, आणि पाणी आधी वाळूच्या टेकड्यांतून, ओझोन, अतिनील किरण, कार्बन यांतून काढतात. आमच्याकडे दिवसाआड तासभर पाणी. उरलेले सत्तेचाळीस तास पाइप रिकामा, आणि शेजारून गटार. पाणी बंद होताना पाइपात पोकळी तयार होते आणि सांध्यातून बाहेरचं आत ओढलं जातं. पुढच्या पाळीला पहिलं पाणी मातकट येतं ते काय असतं, वाटतं तुम्हाला?

म्हणून केंद्रावर जंतू मारून भागत नाही. शेवटच्या नळापर्यंत थोडा क्लोरीन शिल्लक राहावा लागतो. आपल्या मानकात, म्हणजे आयएस १०५००मध्ये, किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन सांगितला आहे, विषाणूंची धास्ती असेल तर ०.५. त्याच मानकात क्लोरोफॉर्मलाही ०.२ मिलिग्रॅमची मर्यादा आहे. ट्रायहॅलोमिथेन टाळायचं तर आधी तुरटी मारून गाळ बसवा, गाळून घ्या, मग क्लोरीन. सेंद्रिय द्रव्यच कमी उरलं की पुढची भानगडही कमी. क्लोरीन तोडून तो धोका टाळणं म्हणजे उवांना भिऊन मुंडन.

डच_पोळी, मंगळवार, दुपारी ४:०२

मान्य. माहेरी नगरला गेले की मीही आधी वास घेते आणि वास आला की निश्चिंत होते.

निवृत्त_टनर, मंगळवार, दुपारी ४:१०

तिथेच गडबड आहे. सचिवबुवांचं उत्तर येऊ द्या, मग सांगतो.

भिंगरी, मंगळवार, सायंकाळी ७:३०

मी आरोग्यसेविका, सातारा बाजू. आमच्याकडे गावात जलसुरक्षक रोज ओटी घेतो आणि वहीत लिहितो. नवीन माणसाला गंमत वाटते, बाकी सगळ्या टेस्ट निगेटिव्ह याव्यात म्हणून देव पाण्यात ठेवायचे आणि ही एकच पॉझिटिव्ह यावी म्हणून. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते, स्रोताच्या जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. वारीच्या दिवसांत तर पालखीच्या वाटेवरच्या विहिरी आणि टँकर तपासता तपासता ओटीच्या बाटल्या संपतात.

सचिवबुवा, तुमचं ३०० ग्रॅमचं गणित कागदावर बरोबर आहे, पण पाणी किती क्लोरीन खाईल ते गणितात नाही. शिवाय पावडर ३३ टक्क्यांची राहिली आहे हे कशावरून? पोतं उघडं राहिलं, दमट हवा लागली की ताकद उतरत जाते. २० टक्क्यांवर आली तर तेच १०० ग्रॅम मिळवायला ५०० ग्रॅम लागेल.

यावर हॉरॉक्सचा डबा (डोस ठरवायचा तपासणी संच) फार छान. पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, मिळेल बघायला. एक काळा कप, सहा पांढरे. काळ्या कपात सपाट चमचाभर, म्हणजे २ ग्रॅम, टीसीएल पाण्यात कालवून खुणेपर्यंत पाणी भरायचं, निवळू द्यायचं. पांढऱ्या कपांत तुमचं पाणी. पहिल्यात त्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. ढवळून अर्धा तास थांबायचं. मग प्रत्येकात तीन थेंब स्टार्च-आयोडाइड. ज्या कपात पहिल्यांदा स्वच्छ निळं दिसेल, त्याच्या नंबराइतके चमचे ४५५ लिटरला. दुसरा कप निळा झाला तर ४ ग्रॅम, म्हणजे तुमच्या सम्पला साधारण ४४० ग्रॅम. पावडर जुनी असो की पाणी घाण असो, कप दोन्ही गोष्टी हिशेबात धरतो. डोकं लावायला नको.

आणि पावडर कोरडी थेट टाकीत टाकू नका हो! बादलीत कालवा, तळाला चुना बसू द्या, वरचं निवळलेलं पाणी तेवढं ओता. चुना टाकीत गेला तर पाणी पांढुरकं होतं आणि पीएचही चढतो, मास्तर सांगतीलच.

रसायनमास्तर, मंगळवार, रात्री ८:००

मास्तर ताईंना पूर्ण गुण देतात.

खारूताई७७, मंगळवार, रात्री ८:४०

अवांतर: विहिरीत मडकं सोडतात ते काय असतं? आजोळी पाहिलं होतं.

भिंगरी, मंगळवार, रात्री ९:१०

जोडमडकं. नागपूरच्या नीरी संस्थेने सुधारलेली पद्धत. एकात एक दोन मडकी, आतल्यात एक किलो टीसीएल आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून भरायची. दोन्ही मडक्यांना भोक, तोंड प्लॅस्टिकने बांधून दोरीने पाण्यात सोडायचं. क्लोरीन झिरपत राहतो, छोट्या घरगुती विहिरीला दोन-तीन आठवडे पुरतो. सार्वजनिक विहिरीला नाही पुरत, तिथे उपसा जास्त.

सचिवबुवा, बुधवार, रात्री १०:१५

उशीर झाला, मंडळाची मीटिंग होती (विषय: मी).

काका, तुमची उत्तरं. पोतं नवीन आहे पण मीटर रूममध्ये उघडं होतं, आता झाकणाच्या प्लॅस्टिक ड्रममध्ये हलवलं. नमुना आधी सम्पमधला घेतला होता, आज सी विंग सातव्या मजल्यावरच्या नळाचा घेतला. आणि हो, दहा आकडे मोजले. दहापर्यंत पाणी पांढरंच! कंटाळून ट्यूब ठेवून चहा घेतला, परत आलो तर पिवळं. तीनदा केलं, तीनदा तेच. आज ६०० ग्रॅमचा डोस आहे आणि वास जबरदस्त आहे.

निवृत्त_टनर, बुधवार, रात्री ११:००

मला हीच शंका होती.

मोकळा क्लोरीन असेल तर ओटी दहा सेकंदांच्या आत पिवळी होते. सावकाश पिवळी झाली म्हणजे क्लोरीन मोकळा नाही, कोणाला तरी बांधला गेला आहे. हा ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा अमोनिया. अमोनियाशी क्लोरीन जोडला की क्लोरामीन होतं. थोडा क्लोरीन असेल तर मोनोक्लोरामीन, वास बेताचा. आणखी टाकलात की डाय आणि ट्राय होतात, आणि स्विमिंग पूलचा म्हणून जो वास आपण ओळखतो, डोळे चुरचुरतात, तो यांचा. तिथला अमोनिया पोहणाऱ्यांच्या घामातून आणि... असो, मुलं पोहायला जातात, पुढचं लिहीत नाही.

म्हणजे तुमच्या इमारतीत वास भरपूर, पण जंतू झटपट मारणारा क्लोरीन शून्य. क्लोरामीनही मारतं, पण फार सावकाश. वासावर कधी भरवसा ठेवू नये तो यासाठी.

आता गंमत ऐका. तुम्ही क्लोरीन वाढवत नेलात तर आधी हा बांधलेला क्लोरीन वाढत जातो, मग एका टप्प्यानंतर अचानक घसरतो, कारण जादा क्लोरीन क्लोरामीनलाच जाळतो आणि अमोनियातला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो. तळ गाठल्यावर पुढचा प्रत्येक मिलिग्रॅम मोकळा राहतो. आम्ही याला ब्रेकपॉइंट म्हणायचो. हिशेबाने नायट्रोजनच्या ७.६ पट क्लोरीन लागतो, प्रत्यक्षात दहा पट धरायचा. तुम्ही नेमके त्या खड्ड्याच्या काठावर उभे आहात, वास सर्वात जास्त तिथेच. अजून टाकलं असतंत तर वास गेला असता!

पण थांबा, पोतं घेऊन धावू नका. खरा प्रश्न वेगळा आहे. विहिरीत अमोनिया आला कुठून? नळाचं, टँकरचं आणि विहिरीचं पाणी वेगवेगळं प्रयोगशाळेत द्या. अमोनिया आणि कोलीफॉर्म (सांडपाणी मिसळल्याची खूण असणारे जंतू) दोन्ही तपासायला सांगा. आणि विहिरीपासून ड्रेनेजचं चेंबर किती लांब आहे ते बघा. तोवर विहिरीचा पंप बंद, आणि पिण्याचं पाणी उकळून.

आरओ_जिंदाबाद, गुरुवार, सकाळी ८:२०

हे मात्र नवीन कळलं. मी वास आला की क्लोरीन जास्त झाला असंच समजत होतो.

मुळामुठा, गुरुवार, दुपारी १२:३०

काकांच्या मुद्द्याला जोड. १९५५-५६च्या दिल्लीच्या काविळीची साथ वाचा. यमुनेचं पात्र सरकलं आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी वजिराबादच्या उपशापर्यंत आलं. केंद्रावरच्या लोकांनी क्लोरीन वाढवला. त्यामुळे विषमज्वरासारख्या जंतूंच्या साथी उसळल्या नाहीत, पण विषाणू निसटला. काविळीचे सुमारे २९,००० रुग्ण. आपल्या पुण्याचा संबंध असा की त्या साथीतले जपून ठेवलेले रक्तनमुने पुढे इथल्या विषाणू संस्थेत तपासले गेले, आणि ही ‘ए’ कावीळ नव्हे हे कळलं. आज तिला हिपॅटायटिस ई म्हणतात.

गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांत लपतात. क्लोरीनला सांडपाणी धुवायच्या कामाला लावलं की तो तिथेच खर्ची पडतो.

गप्पिष्ट, गुरुवार, दुपारी १:००

आता मलाही भीती वाटायला लागली. पाण्यात क्लोरीन घालायची अक्कल पहिल्यांदा कोणाला सुचली?

मुळामुठा, गुरुवार, दुपारी १:४०

इंग्लंडमध्ये मेडस्टोनला १८९७मध्ये, विषमज्वराच्या साथीत पाइप धुवायला. द्रवरूप क्लोरीन वायू पाण्यासाठी वापरायची कल्पना १९०३मध्ये मांडणारा नेसफिल्ड हा भारतातल्या वैद्यकीय सेवेतला लष्करी डॉक्टर, हे फार कोणाला ठाऊक नसतं. मोठ्या शहराला कायमचा क्लोरीन मात्र अमेरिकेत, जर्सी सिटीला, सप्टेंबर १९०८मध्ये. डॉ. जॉन लील यांनी ब्लीचिंग पावडरचं द्रावण गावाच्या पाण्यात सोडलं, आणि ना कोर्टाला विचारलं ना लोकांना. पाण्यावरून खटला आधीच चालू होता. न्यायाधीशाने शेवटी त्यांच्या बाजूने कौल दिला.

गप्पिष्ट, गुरुवार, दुपारी १:४५

सचिवबुवा, बघा. लीलना निदान भाताचं पातेलं कोणी दाखवलं नव्हतं.

भिंगरी, गुरुवार, रात्री ९:००

एक सगळ्यांना सांगून ठेवते. टीसीएल किंवा हायपो (द्रवरूप ब्लीच) संडासच्या ॲसिडबरोबर मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये असं करून बेशुद्ध झालेली बाई मी पाहिली आहे.

सचिवबुवा, पुढचा मंगळवार, रात्री ९:२०

रिपोर्ट आले. नळ आणि टँकर ठीक. विहीर: अमोनियाचा नायट्रोजन ०.६ मिलिग्रॅम (मर्यादा ०.५), कोलीफॉर्म आढळले. प्लंबरला घेऊन बी विंगमागचं चेंबर उघडलं. विहिरीपासून मोजून चौदा फूट. तळ फुटलेला आणि उंबराच्या मुळ्या आत शिरलेल्या, हाताच्या बोटाएवढ्या जाड. पाणी चेंबरमधून पुढे जातच नव्हतं, आजूबाजूला मुरत होतं. किती वर्षांपासून, देव जाणे.

काका, तुमचा खड्ड्याचा हिशेब घालून पाहिला. ०.६ गुणिले ७.६ म्हणजे साडेचारच्या आसपास. माझा ६०० ग्रॅमचा डोस लिटरला ४ मिलिग्रॅम. अगदी काठावरच की!

निवृत्त_टनर, पुढचा मंगळवार, रात्री १०:००

वाणिज्य शाखेला नावं ठेवणाऱ्यांनी वाचावं.

चेंबर नुसतं प्लास्टर करू नका, लाइनच बदला. विहीर उपसून गाळ काढा, मग भरपूर टीसीएल घालून रात्रभर ठेवा, परत उपसा, परत तपासा. दोन रिपोर्ट लागोपाठ स्वच्छ आल्याशिवाय ते पाणी सम्पमध्ये नको. आणि सम्पही धुवून घ्या. ओटीऐवजी जमलं तर डीपीडीच्या गोळ्या आणा, गुलाबी रंग येतो. ओटीतलं रसायन कर्करोगकारक असल्याचा संशय आहे, हाताला लागू देऊ नका आणि वापरलेलं पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नका.

सचिवबुवा, त्यानंतरचा रविवार, सकाळी ११:३०

अपडेट. सम्प धुतला. विहीर बंद, फक्त नळ आणि टँकर. भिंगरीताईंचा हॉरॉक्स पीएचसीतल्या सिस्टरकडून उसना आणला, पहिलाच कप निळा झाला. म्हणजे २२० ग्रॅम. निवळ करून ओतलं, अर्धा तास थांबून पाणी वर चढवलं. सातव्या मजल्यावर ओटी: मी ‘तीन’ म्हणेपर्यंत पिवळी.

वास नाही. मी स्वतः तीन ग्लास प्यालो.

आत्ताच सी विंगच्या काकू जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, “पाण्याला आता अजिबात वास येत नाही. क्लोरीन टाकायचं बंद केलंत वाटतं? ठराव झालेला आहे, लक्षात असू द्या.”